जिवंत मुद्देमाल आणि बिराजदार बाई

मी एकतीस वर्षं सोलापूरच्या कोर्टात नोकरी केली आणि त्यातली एकोणीस वर्षं एकाच खोलीत काढली. त्या खोलीला एक खिडकी होती. ती मी सहसा बंदच ठेवायचो, कारण उघडली रे उघडली की बाहेरून कुणीतरी डोकं घालून विचारायचं, "आमची सायकल कधी मिळंल वो?" ती मुद्देमालाची खोली, आणि मी मुद्देमाल कारकून वसंत तळेकर, मूळ गाव केम.

या वार्षिक अंकाच्या संपादकांनी मला कोर्टातले किस्से लिहायला सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खून, दरोडे असं काहीतरी असणार. त्यांची निराशा करतोय. खुनातली कुऱ्हाड मी पुष्कळदा हाताळली आहे, पण कुऱ्हाडीला सांगण्यासारखं काही नसतं. मला आठवते ती एक गाढवीण आणि तिच्या वकील, अ‍ॅडव्होकेट सुशीला बिराजदार. बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं.

आधी माझं काम सांगतो. गुन्ह्यात वापरलेली, चोरीला गेलेली, पंचांसमोर जप्त झालेली प्रत्येक चीज म्हणजे मुद्देमाल. खटला संपेपर्यंत ती सांभाळायची आणि न्यायाधीश साहेबांनी मागितली की टेबलावर हजर करायची. कोयते, डाग पडलेले सदरे, हातभट्टीचे डबे, चोरीच्या चादरींचे गठ्ठे, एकदा तर एका बँडवाल्याचा भलामोठा ढोल. प्रत्येकाला तीन गोष्टी मिळतात: रजिस्टरात नंबर, अंगावर लेबल आणि लेबलाच्या दोऱ्यावर लाखेचं सील. निकाल लागला की साहेब हुकूम करतात: मुद्देमाल मालकाला परत करा, सरकारजमा करा किंवा नष्ट करा. नष्ट करायचं कामही माझंच. दोन पंच बोलवायचे, त्यांच्यासमोर सुरे मोडायचे, दारू गटारात ओतायची, कपडे जाळायचे आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहून नोंद बंद करायची. नोंद बंद करण्यात एक समाधान असतं. ते ज्याला कळत नाही त्यानं या खात्यात येऊ नये.

आता अडचण अशी, की कायद्याच्या लेखी कोयता आणि कोंबडा दोन्ही मुद्देमालच. झुंजीच्या केसमध्ये कोंबडे जप्त व्हायचे, जास्त ओझं लादलं म्हणून बैल, पिंजऱ्यात ठेवला म्हणून पोपट. अशा केसमध्ये आरोपी यायचा, गुन्हा कबूल म्हणायचा, दंड भरायचा आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचा. जनावराचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नसे. मीही नाही. माझा रकाना भरला की मला पुरे.

ते पहिल्यांदा विचारलं बिराजदार बाईंनी. बाई अक्कलकोट तालुक्यातल्या. घरात कानडी, बाहेर मराठी आणि साहेबांसमोर गरजेपुरतं इंग्रजी. ठेंगण्या, इरकल नेसणाऱ्या, वर काळा कोट. त्या कोटावर कायम कुठल्या ना कुठल्या जनावराचे केस असत. एका खिशात पेन आणि दुसऱ्यात गुळाचे खडे. त्या गुळामुळे त्यांच्या फायलींवरून मुंग्या चालायच्या आणि आमचे स्टेनो फाईल हातात घेण्याआधी ती दोनदा झटकायचे. जनावरांच्या प्रत्येक केसमध्ये त्या उभ्या राहत आणि सरकारी वकिलांना मदत करायची परवानगी मागत. जिल्ह्यात असं आधी कुणी केलेलं मला तरी माहीत नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. खटला दोन वर्षं चालला तर कुऱ्हाड गंजते, पण बैल मरतो. तेव्हा त्याच्या खाण्यापिण्याचा विचार पहिल्या तारखेला व्हायला हवा, शेवटच्या नाही.

बार रूममध्ये त्यांची चेष्टा व्हायची. एकदा एका ज्येष्ठ वकिलांनी माझ्यादेखत विचारलं, "काय बाई, आज कुणाची बाजू? म्हशीची का रेड्याची?"

"दोघांची," बाई म्हणाल्या. "सामनेवाला तुमच्यासारखाच आहे, दोन पायांचा."

त्यांच्या पहिल्याच केसमध्ये झुंजीचे चार कोंबडे होते. कागदावर कोंबडे पोलिसांच्या ताब्यात होते. बाईंनी हवालदाराला विचारलं, कोंबडे कुठं आहेत? हवालदार म्हणाला, "मयत झाले, मॅडम."

"चारी?"

"व्हय."

"मग तपासणी केली असेल की डॉक्टरांनी. कशानं मेले?"

हवालदारानं छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कोर्टात हसू दाबल्याचे आवाज आले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लेखी मागणी केली, की यापुढं जनावर जप्त झालं की चोवीस तासांत त्याला कोर्टासमोर आणावं, म्हणजे ते जिवंत आहे हे साहेबांना दिसेल. साहेबांनी ती मंजूर केली आणि त्या दिवसापासून माझ्या खोलीची कळा बदलली. मी मनातल्या मनात बाईंना पुष्कळ नावं ठेवली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पहिला आला पोपट, एका ज्योतिषाचा. पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे हे त्या ज्योतिषाच्या भविष्यात नव्हतं. शुक्रवारी दुपारी पिंजरा माझ्या टेबलावर आला. मिरची द्यावी म्हणून मी दार उघडलं, तर पक्षी शांतपणे बाहेर आला, फळीवर चढला आणि जन्मभर जे शिकला होता ते करायला लागला. पाकिटं ओढायच्या ऐवजी मुद्देमालावरची लेबलं ओढायला लागला. एकेक लेबल चोचीनं दोऱ्यासकट उपटायचं, चालत यायचं आणि माझ्या पायाशी ठेवून वर बघायचं. मी त्याला पकडेपर्यंत वीसेक लेबलं ओळीनं मांडून झाली होती. कोणता कोयता कोणाचा हे परत जुळवताना माझे दोन दिवस गेले आणि तोंडचं पाणी पळालं.

बाई आल्या आणि हे ऐकून स्टुलावर बसून हसल्या. त्या मोठ्यानं हसत, पदर तोंडाला लावून. "तळेकर, त्यानं तुमचं भविष्य काढलंय. एक तरी उचला की."

मी चिडून एक लेबल उचललं. त्यावर लिहिलं होतं, 'हातभट्टीची दारू, पाच लिटर.'

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या.

त्या पोपटाचे पंख छाटलेले होते. ते वाढेपर्यंत सहा महिने बाईंनी त्याला सांभाळला आणि मग सोडला. तलावाकडच्या झाडांत पोपटांचा थवा उतरला की अजूनही मी लेबल मोजल्यासारखा एकेक बघत राहतो.

ती गाढवीण, मंगळी, आली पोपटानंतर दोन वर्षांनी. मंद्रूपकडच्या एका वीटभट्टीवर ओझ्याखाली कोसळली होती. पाठीवर तळहाताएवढी जखम, त्या जखमेवरच गोणी टाकून विटा लादलेल्या, आणि मागचा एक पाय धड टेकत नव्हता. पंचनाम्यात लिहिलं होतं: 'गाढव मादी एक, रंग राखाडी, निकामी, किंमत काही नाही.' ठाण्यात जागा नाही म्हणून हवालदारानं तिला थेट टेम्पोतून कोर्टात आणलं आणि माझ्या खोलीमागच्या लिंबाला बांधून तो पावती मागायला लागला.

पावती द्यायची तर नंबर हवा. तो दिला, एकशे चौदा. लेबल लिहिलं, त्यावर साहेबांची सही आणली, सुतळीनं तिच्या गळ्यात बांधलं. राहिली लाख. मी लाखेची कांडी आणि मेणबत्ती घेऊन तिच्यासमोर उभा होतो आणि सील नेमकं कशावर मारावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात बाई आल्या.

"तळेकर, ती लाख कुणाला लावताय?"

"सील मारल्याशिवाय मुद्देमाल दाखल होत नाही, बाई. नियम आहे."

"मारा की. कुठं मारणार?"

खरं सांगतो, मी खुराचा विचार करत होतो. नियमात लेबल आणि सील लिहिलंय, जनावराला वेगळा नियम नाही, आणि नियमात नाही ते मी करत नसे. आमचा वाद चालला असताना गाढविणीनं मान वाकडी केली, गळ्यातलं लेबल ओठांनी धरलं आणि सुतळीसकट, साहेबांच्या सहीसकट खाऊन टाकलं.

मला घाम फुटला. लेबल म्हणजे सरकारी कागद. तो गहाळ झाला तर खुलासा द्यावा लागतो. बाईंनी मला शांतपणे सांगितलं, "त्यात काय? शेरा लिहा." मी रजिस्टर आणलं आणि एकशे चौदासमोर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'लेबल मुद्देमालाने खाल्ले.' खाली बाईंनी 'समक्ष' म्हणून सही केली. त्यांची सही लांबलचक होती, दोन रकाने ओलांडून गेली.

मग म्हणाल्या, "आता नाव लिहा."

"कुणाचं?"

"हिचं."

तसा रकाना नव्हता. पण भट्टीमालक मलकारी पायऱ्यांवर बसला होता, त्याला बाईंनी विचारलं. तो वैतागला होता. "गाढवाला कुटं नाव असतंय व्हय, बाई? पाच हायती, पाचीस्नी गाढवच म्हन्तो की आमी."

त्याच्याबरोबर त्याची म्हातारी आई आली होती. ती गाढविणीकडं बघत खालच्या आवाजात म्हणाली, "मंगळी. मंगळवारी आनली हुती."

मलकारी तिच्याकडं बघतच राहिला. घरातल्या जनावराला नाव आहे हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं. मग बाईंकडं वळून म्हणाला, "आमी बी तिच्याएवढंच वझं वाहतो, बाई. आमची कुनी केस घेत न्हाय."

"तुझी पण घेईन की," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या पाठीवर जखम असली तर तू सांगतोस. हिनं कुणाला सांगायचं?" पुढं त्या त्याच्याशी कानडीत बोलत राहिल्या. मला कानडी येत नाही, पण मलकारीची मान हळूहळू खाली गेली. मी रजिस्टरात नंबराच्या बाजूला पेन्सिलीनं 'मंगळी' लिहिलं. पेन्सिलीनं अशासाठी, की तपासणी आली तर खोडता यावं.

गाढव ठेवून घ्यायला गावात कुणी तयार होईना, तेव्हा खटला संपेपर्यंत बाईंनीच तिला आपल्या घरी नेलं. विजापूर रोडला त्यांचं जुनं घर होतं, मागं मोठं अंगण. त्या एकट्याच राहत. एकट्या म्हणजे तीन लंगडी कुत्री आणि एक आंधळी शेळी धरून.

खटला वर्षभर चालला. जनावरांच्या डॉक्टरांची साक्ष झाली, मलकारीला दंड झाला. बाई जिंकल्या. आणि मी त्यांच्या जिंकण्यावर पाणी फिरवलं.

झालं असं, की साहेबांची बदली आली होती आणि जाण्याआधी त्यांना बरेच निकाल द्यायचे होते. त्या एका दिवशी अकरा निकाल लागले. निकालाच्या शेवटी मुद्देमालाचं काय करायचं याची एक ओळ असते. पत्राच्या शेवटी आपण 'कळावे' लिहितो तशी ती ओळ येते, कुणी तिच्यावर डोकं चालवत नाही. साहेब म्हणायचे, "मुद्देमाल नेहमीप्रमाणे," आणि स्टेनो मला हाक मारायचे, "तळेकर, चिठ्ठ्या!" मी रजिस्टर उघडून अकरा चिठ्ठ्या लिहिल्या, साहेबांनी खाली सह्या केल्या आणि स्टेनोंनी त्या निकालात उतरवल्या. ज्याच्यापुढं किंमत आहे ते परत किंवा सरकारजमा, ज्याच्यापुढं किंमत काही नाही ते नष्ट. वीस मिनिटांत अकरा चिठ्ठ्या. मला माझ्या वेगाचा अभिमान होता. एकशे चौदापुढं 'किंमत काही नाही' असं होतं.

चार दिवसांनी बाई निकालाची नक्कल घेऊन माझ्या खोलीत आल्या. कागद टेबलावर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट. 'मुद्देमाल क्रमांक ११४ निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा.'

"तळेकर," त्या म्हणाल्या, "हे कोण करणार?"

मी ओळ वाचली. तोंडातून सवयीनं निघालं, "नियमाप्रमाणे मी." आणि मग ती ओळ मी परत वाचली.

मी म्हणालो, हे होणार नाही, हुकूम दाबून ठेवू, कोण बघतंय? बाई म्हणाल्या, "आज तुम्ही आहात, मी आहे. उद्या आपण दोघं नसू. तुमच्या जागी येणारा माणूस कागद वाचेल, गाढव नाही बघणार. तुम्ही तरी कुठं बघितलंत?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मग त्यांनी मला कायदा समजावला. न्यायाधीशाला एकदा सही केलेला निकाल बदलता येत नाही. वर अपील करता येतं, पण अपिलाचं काय होईल आणि किती दिवसांनी, ते सांगता येत नाही. निकालात एकच गोष्ट त्याच कोर्टाला दुरुस्त करता येते: लेखनिकाच्या हातून झालेली चूक. "आता ही चूक साहेबांची का लेखनिकाची, हे लेखनिकानंच सांगायचं. मी अर्ज लिहिलाय. तुमचं नाव घातलेलं नाही. मी तुम्हाला सांगायला आलेय तळेकर, मागायला नाही." कागद उचलून त्या गेल्या. टेबलावर दोन मुंग्या राहिल्या होत्या.

त्या वर्षी माझं नाव नाझरपदाच्या बढतीच्या यादीत होतं. भर कोर्टात 'माझी चूक' म्हणणं म्हणजे खात्याची चौकशी आणि बढतीला रामराम. तीन दिवस मी घरी कुणाशी धड बोललो नाही. रविवारी सकाळी मंदानं, माझ्या बायकोनं, सगळं काढून घेतलं. तिनं मला सल्ला दिला नाही. डब्यात शिळ्या भाकरी भरल्या आणि म्हणाली, "चला, ते गाढाव तरी बघू."

इतक्या वर्षांत खोलीतून बाहेर गेलेला एकही मुद्देमाल मी परत बघायला गेलो नव्हतो. मंगळी अंगणात लिंबाखाली उभी होती. पाठीची जखम भरून तिथं पांढरे केस आले होते, पाय थोडा ओढत होती एवढंच. आंधळी शेळी तिच्या पोटाला टेकून रवंथ करत होती. मी जवळ गेलो तर तिनं सरळ माझ्या सदऱ्याच्या खिशात तोंड घातलं आणि बसचं तिकीट खाल्लं. कागदाची तिला आवडच होती.

मंदानं तिला भाकरी घातली. "ही निकामी? अवो, माज्यापेक्षा धडधाकट हाय की." परत येताना बसमध्ये म्हणाली, "बढती काय, पुढच्या साली बी येईल. हिचं तसं न्हाय." आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मीही दुसरीकडं बघत होतो.

साहेबांच्या कोर्टातल्या शेवटच्या आठवड्यात अर्ज सुनावणीला आला. बाई उठण्याआधी मीच उठलो. कारकुनानं असं उठायचं नसतं. मी म्हणालो, "साहेब, मला काही सांगायचंय."

साहेबांनी चिठ्ठी हातात घेतली. "हे अक्षर तुमचं?"

"हो साहेब."

"लिहिताना गाढव आठवलं नाही?"

"नाही साहेब. नंबर आठवला."

साहेब चिठ्ठीकडं बघत राहिले. मला वाटतं, खालची स्वतःची सही बघत होते. मागं बार रूमची निम्मी मंडळी गंमत बघायला जमली होती. मग साहेबांनी स्टेनोंना सांगितलं, "घ्या. लेखनिकाची चूक मान्य. दुरुस्ती मंजूर. मुद्देमाल अर्जदार वकिलांच्या सुपूर्द करावा, न्यायालय फर्मावेल तेव्हा हजर करावा." आणि मध्येच थांबले. "मुद्देमाल शब्द खोडा. नाव काय म्हणालात, बाई?"

"मंगळी, साहेब."

"'मंगळी नावाची गाढवीण' असं घ्या."

बाईंनी खाली मान घातली आणि खिशात गूळ शोधत असल्यासारखं काहीतरी केलं. आमच्या कोर्टाच्या हुकमात जनावराचं नाव आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खोलीवर गेलो आणि रजिस्टरातल्या पेन्सिलीवरून शाई फिरवली. पुढं बाईंच्या तगाद्यानं पंचनाम्यांतही नावं यायला लागली, 'बैल दोन, नावे राजा व प्रधान' अशी. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं, हा काय प्रकार? मी म्हणालो, ओळख पटवायला सोपं जातं, साहेब. ते खरंच होतं.

मला मेमो मिळाला, चौकशी झाली, बढती तीन वर्षांनी आली. तेवढी तीन वर्षं मी मंगळीला मनातून माफ केलं नव्हतं, असं मी बाईंना गमतीनं म्हणायचो. त्या म्हणायच्या, "तिनं तुम्हाला केलंय, तेवढं पुरे."

'न्यायालय फर्मावेल तेव्हा हजर करावी' हे वाक्य अशा प्रत्येक सुपूर्दनाम्यात असतं, आणि कधी कुणी फर्मावत नाही. पण बाई बाई होत्या. दिवाळीची सुट्टी संपून कोर्ट उघडलं, की पहिल्या दिवशी सकाळी त्या मंगळीला घेऊन कोर्टाच्या फाटकात उभ्या राहायच्या. विजापूर रोडवरून चालत, काळ्या कोटात. विचारलं तर म्हणायच्या, "हजर करतेय. जिवंत आहे, बघून घ्या." पहिल्या वर्षी लोक हसले. नंतर बार रूममधले ज्येष्ठ वकीलसुद्धा डब्यातली पोळी राखून ठेवायला लागले. आमचे शिपाई रसूलभाई फाटकातून मोठ्यानं पुकारा करायचे, "मंगळीऽऽ हाजिर है?" आणि बाई कपाळाला हात लावायच्या. मी खिडकी उघडून बघायचो. वर्षातून एक दिवस ती खिडकी उघडी असायची.

निवृत्त झाल्यावरही त्या दिवशी मी फाटकात जात राहिलो. बाई थकत गेल्या, मंगळीही. गेल्या हिवाळ्यात बाई थोड्याशा आजारानं गेल्या. बार रूममध्ये शोकसभा झाली. त्यांच्या कायद्याच्या ज्ञानाबद्दल, धडाडीबद्दल चांगली भाषणं झाली.  मला एकच रुखरुख आहे. पोपट, कोंबडे, बैल, सगळ्यांबद्दल बाईंना मी विचारलं. त्या एकट्या त्या घरात कशा राहतात, हे कधी विचारलं नाही.

नंतर त्यांच्या भाचीचा फोन आला. कुत्र्यांची, शेळीची सोय झाली होती. गाढवाचं काय करायचं? मी म्हणालो, तुम्हाला काही करता येणार नाही, ती कोर्टाची आहे. ती नोंद अजून उघडी आहे.

मी अर्ज केला, सुपूर्दनामा माझ्या नावावर करून मिळावा. मुद्देमाल लोकांना देताना हजारो सह्या घेतल्या. घेणाऱ्याच्या जागी माझी ही पहिलीच सही. घराशेजारच्या रिकाम्या जागेत मंदानं आधीच पत्र्याचं छप्पर घालून ठेवलं होतं.

या दिवाळीनंतर कोर्ट उघडलं तेव्हा मंगळीला घेऊन मीच गेलो. माझ्याकडं काळा कोट नाही, इस्त्रीचा सदरा घातला. खिशात गूळ होता. रसूलभाईही आता निवृत्त. फाटकात पुकारा करणारं कुणी नव्हतं. मी तिथं नुसताच उभा राहिलो. मग माझ्या जुन्या खोलीची खिडकी उघडली. तिथं आता एक तरुण कारकून मुलगी बसते, कविता नाव. ती जुनं रजिस्टर आणि एक नवं लेबल घेऊन बाहेर आली. "काका, या नोंदीला लेबलच नाही बघा. तपासणी आलीय. बांधू का?"

"बांधा," मी म्हणालो. "नियम आहे."

तिनं सुतळीनं लेबल बांधलं आणि गाठ नीट बसली का बघायला मागं सरली. मंगळीनं मान वाकडी केली. म्हातारी झाली आहे, दात कमी आहेत, वेळ लागला. पण खाल्लं पूर्ण, सुतळीसकट.

कविताचा चेहरा पांढरा पडला. "काका! आता काय लिहू?"

"रजिस्टर उघडा. एकशे चौदासमोर आधीचा शेरा आहे, तोच उतरवा."

तिनं रजिस्टर उघडलं, शेरा वाचला आणि खुदकन हसली. मग लिहायला लागली, 'लेबल मुद्देमालाने खाल्ले.' लिहून झाल्यावर बोट खाली नेलं, दोन रकाने ओलांडून गेलेल्या त्या लांबलचक सहीवर. "इथं समक्ष म्हणून सही लागते. कुणाची घेऊ?"

मी फाटकाकडं पाहिलं. सवय. मग तिच्या हातातलं पेन घेतलं आणि बाईंच्या नावाखाली सही केली.